पाणी डाव्या हाताला

सोमवार, ९ तारीख

गेला रस्ता! खालच्या वळणावर दरड उतरली आणि बसली ऐसपैस, न बोलावलेली पाहुणी बसावी तशी. आता पाच-सहा दिवस गाडी येत नाही, जात नाही. दुपारी टॉवरही मेला, फोन मुके झाले. वर खिंड ढगात. मधे आमचं घर — डोंगर चढायला येणाऱ्यांना एक-दोन रात्री टेकायला दिलेलं. आज त्यात नऊ जणं, दोरीवर ओले मोजे आणि शेवटचा सिलिंडर.

वहीला सांगून ठेवते, आजपासून अक्षर बदललंय. रोज नात लिहायची. तिला आता वेळ कुठला — बाईसाहेब वाटाड्या झाल्या! परीक्षा दिली, बिल्ला मिळाला, सहा जणांची ही पहिलीच टोळी घेऊन आली. त्यातला एक कोर्टातला लघुलेखक. एवढी मोठी खिंड चढायला निघाला आणि आमच्या न्हाणीच्या पायरीवरून घसरला! घोटा भोपळ्याएवढा झालाय. माझं मांडीचं हाड चार महिन्यांपासून मोडलेलं, त्याचा घोटा काल मोडला. खिडकीशी दोन खुर्च्या लागल्या. म्हटलं, कारकून, बसल्या बसल्या माझी वही तरी लिहा. मला अक्षर येत नाही, तुम्हाला डोंगर येत नाही — जमेल आपलं.

म्हणाला, "आजी, बोलाल तो शब्दन् शब्द उतरेल."

"शिव्यासुद्धा?"

"त्या तर आधी."

माणूस बरा आहे.

मंगळवार, १० तारीख

दिवसभर खल. रेडिओ म्हणतो, उद्याचा दिवस उघडीप, परवा दुपारपासून वादळ, तेही तीन दिवस. खिंडीची वाट दोन दिवसांची. म्हणजे वादळ येणार तेव्हा ही मंडळी नेमकी माथ्यावर! शेंबडं पोरही सांगेल, जाऊ नका म्हणून. पण टोळीत एक दाढीवाला आहे. त्याचं एकच — "आम्ही खिंडीसाठी आलोय."

मी म्हटलं, "खिंड कुठे जात नाही बाळा. तूच जाशील."

सगळे हसले. तो नाही हसला. म्हणाला, "वाटाड्या येणार नसेल तर आमचे आम्ही जाऊ. इथे कोंडून किती दिवस काढायचे?"

नातीकडे पाहिलं. बिल्ला छातीवर नि जीव मुठीत. सोडलं तर ही पाच जणं मरायला जाणार. अडवलं तर हिचं ऐकतो कोण? कालपर्यंत चहाचे कप धुवत होती इथे, हे त्यांनी पाहिलंय.

सूनबाईंचा हट्ट, "राहू देत इथेच. बटाटे उकडून घालीन." घालशील गं. पण गॅस शुक्रवारपर्यंत पुरला तर नशीब.

शेवटी नात माझ्यापाशी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आजी, तुझी ती जुनी वाट अजून असेल?"

असेल म्हणजे? डोंगर काय माहेरी गेलाय?

ओझ्याची वाट. खिंडीला हात न लावता डोंगराच्या पोटातून, दाट झाडीतून पलीकडच्या बाजाराला निघते. चार दिवस लागतात, पण वारा लागत नाही. अकरा वर्षं मी ती वाट तुडवली. बाजारातून पाठीवर साखर, मीठ, रॉकेल घेऊन इथवर. दर अर्ध्या दिवसावर कमरेएवढा दगडी ओटा — न वाकता ओझं टेकवायला. सात ओटे. नकाशात एकही नाही. नकाशा काढणाऱ्याच्या पाठीवर ओझं नसतं ना!

खिडकीबाहेर पाहत, हात करकरून एकेक ओटा सांगितला. नात खुणा करत गेली, कारकूनही उतरवत गेले. मोठा धोका एकच, पहिल्या ओट्यापाशी. तिथे ओढ्याच्या दोन्ही काठांनी वाटा निघतात. पाणी डाव्या हाताला ठेवायचं. दुसऱ्या काठाची वाट गोड दिसते, पण घळीत उतरते आणि पुढे सरळ कडा. पाऊस लागला की घळ विहिरीसारखी भरते. मागेही फिरता येत नाही.

सून म्हणाली, "आई, तीस वर्षं झाली तुम्हाला तिथून चालून."

मी म्हटलं, "तुझ्या लग्नाला पंचवीस झाली. नवऱ्याचं नाव विसरलीस का?"

दाढीवाल्यालासुद्धा वाट पटली. नकाशात नाही म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले!

बुधवार, ११ तारीख

पहाटे गेली. सहा जणं. नातीनं जाताना गार नाक माझ्या गालाला लावलं, लहानपणी लावायची तसं. ऊन पडलंय. मोजे वाळले, घालायला पाय नाहीत. दुपारी पहिला ओटा गाठला असेल. मी आज स्वतःवर फार खूश आहे. लिहा, लिहा!

गुरुवार, १२ तारीख

सकाळी दहालाच पाऊस. रेडिओ खोटा पडला. समोरचा डोंगर पुसून टाकल्यासारखा गेला.

वेळ जाईना म्हणून कारकुनांना म्हटलं, वाचा ती वाट, कोर्टात साक्ष वाचून दाखवता तशी. त्यांनी वाचली. आवाजात चढ नाही, उतार नाही. "पहिल्या ओट्यापाशी पाणी डाव्या हाताला ठेवायचं."

मी डोळे मिटून चालत होते. डाव्या हाताला पाणी, पाठीवर पोतं, समोर आमच्या घराचा धूर —

समोर घराचा धूर!

मी येत होते. जात नव्हते. त्या वाटेनं मी कधी गेलेच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही! बाजाराला जाताना पाठ मोकळी, म्हणून खिंडीतून जायची. जवळ पडायचं. ओझं घेऊन यायची तेवढी त्या वाटेनं. इथून जाणाऱ्याला ते पाणी उजव्या हाताला लागतं.

पोरीला मी घळीत घातलं.

कारकुनांची लेखणी थांबली. "हे लिहायचं?"

लिहा. शब्दन् शब्द म्हणाला होतात ना?

गुरुवार, संध्याकाळ

सुनेला सांगितलं. बटाटे सोलत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. सुरी खाली ठेवली, हात पुसले. "कधी पोचली असतील ओट्यापाशी?"

"काल दुपारी."

दोर घेतला, नवऱ्याचा रेनकोट घातला आणि गेली. नवरा, म्हणजे माझा मुलगा, ट्रकवर आहे, लांब. दरडीच्या त्या अंगाला. असता तरी काय केलं असतं?

चार तासांनी आली. ओठ निळे. अर्ध्या वाटेतच ओढ्यावरचा साकव वाहून गेलेला. एवढंच बोलली, तेही कारकुनांशी. "पलीकडचा काठ दिसतो. जाता येत नाही."

माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवार, १३ तारीख

मागे दरड, पुढे पाणी, वर ढग. मधे तीन माणसं. त्यातल्या दोघांना उठता येत नाही आणि तिसरीला बसवत नाही. सून या खोलीतून त्या खोलीत जाते. रिकाम्या खाटांवरची पांघरुणं घडी करते, उलगडते, परत घडी करते. नातीची खाट तशीच ठेवलीय.

माझा चहा आला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. एरवी साखरेवरून दोन शब्द तरी होतात आमचे. आज साखर जास्त होती. मी मुकाट प्याले. आयुष्यभर सासूपणा केला, आज सुनेला घाबरले.

उठून पाहिलं. इथून दारापर्यंत सात पावलं. दोन झाली. कारकुनांनी धरलं म्हणून बरं, नाहीतर ते आणि मी, दोघांची मिळून एक मोळी झाली असती.

म्हणाले, "आजी, साक्षीदार चुकतात. रोज पाहतो मी. मुद्दाम नाही चुकत कुणी."

"खातरी होती ना माझी! शंका आली असती तर पोरीला म्हटलं असतं, जरा बघून जा. मी म्हटलं डावं — आणि वर सुनेची थट्टा केली."

ते लिहीत राहिले. खिडकीच्या काचेवर नुसतं पाणी. त्याच्याकडे पाहवत नाही आणि दुसरं पाहायला काही नाही. अकरा वर्षं जी ओझी वाहिली, त्यांना निदान टेकवायला ओटा होता.

गॅस संपला. लाकडं ओली.

शनिवार, १४ तारीख

सून बोलली नाही. आज काही लिहू नका कारकून.

रविवार, १५ तारीख

सकाळी टॉवर आला. लगेच फोन वाजला. सुनेनं घेतला, ऐकलं, भिंतीला टेकली आणि फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडच्या बाजारातून! सहाच्या सहा जणं पोचली.

"पोरी, मी तुला डावं सांगितलं गं —"

"सांगितलंस डावं. पण पाणी म्हणताना खिडकीतून हात दाखवत होतीस उजवीकडे. दोनदा दाखवलास. मी हातावर गेले."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू हात बदलला असतास, आजी."

फोन ठेवून सून माझ्या खुर्चीपाशी खालीच बसली. माझा उजवा हात ओढून घेतला, दोन्ही हातांत धरला. केव्हाची धरून बसलीय. चूल पेटवायचीय, उठत नाही. मीही सोडवून घेत नाही.