माझ्या पिस्तुलावर कुणाचा तरी डोळा आहे

राउच, रविवार, जेवणं आटोपल्यावर

आदरणीय मेव्हणे आमिल्कारराव यांस एउसेबियो लाराल्देचा मनापासून नमस्कार.

तुमचा खुबा कसा आहे? समुद्राकाठची दमट हवा हाडांना बाधते, हे तुम्ही तिकडे घर घेतलंत तेव्हाच मी बोललो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत, असो. आमच्याकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तुमची धाकटी बहीण स्वयंपाकघरात बिहीचा मुरंबा घोटते आहे आणि मी तुम्हाला लिहितो आहे हे तिला ठाऊक नाही. ते तसंच राहू द्या, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिचंही नाव येतं.

तुम्हाला आठवत असेल, आमच्या क्लबात पिस्तुलाची धावपळीची नेमबाजी चालते. एका जागी खांबासारखं उभं राहून नेम धरायचा तो प्रकार नव्हे. भोंगा वाजला की पळायचं, भिंतीआडून, खिडकीतून, गुडघे टेकून (माझ्या गुडघ्यांचं वर सांगितलंच) पुठ्ठ्याच्या आकृत्या टिपायच्या, आणि हे सगळं घड्याळाशी झुंजत. नोव्हेंबरात तुमच्याच मार देल प्लातामध्ये प्रांताची स्पर्धा आहे. साठी ओलांडलेल्यांतून आमच्या क्लबाचा एकच माणूस जाणार आणि त्या जागेवर हक्क सांगणारे दोघं: मी आणि डॉक्टर इरिबार्ने. इरिबार्ने म्हणजे गावातला डोळ्यांचा एकमेव डॉक्टर. वीस वर्षं आम्ही एका किटलीतल्या पाण्याचा माते, आपला कडू चहा, पितो आहोत, तेव्हा माणूस वाईट असं मी म्हणणार नाही. पण जागा एक आणि माणसं दोन झाली, की चांगल्या माणसाचंही काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

सुरुवात एप्रिलात झाली. माझ्या पिस्तुलावर एक छोटी काच बसवलेली आहे, तिच्यात लाल ठिपका दिसतो, तो आकृतीवर आला की चाप ओढायचा. त्या दिवशी भोंगा वाजला, मी पिस्तूल उपसलं आणि ठिपका गायब! अंदाजाने गोळ्या झाडल्या, त्या कुठे गेल्या ते त्या गोळ्यांनाच माहीत. नंतर उघडून पाहिलं तर आतला बटणाएवढा सेल उलटा बसवलेला. आता मला सांगा, ज्या माणसाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, केसाहून बारीक स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या, तो सेल उलटा बसवेल? आणि त्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलाशी कोण होतं? इरिबार्ने. धडा घेतला: शेजारी इरिबार्ने असेल तर टेबल बदलायचं.

टेबल बदललं, तर पुढच्या महिन्यात पिस्तूल मधेच अडकलं. मिलाग्रोस म्हणून आमच्याकडे एक गुरांची डॉक्टरीण आहे, हात मोठा चपळ, तोंड त्याहून चपळ. तिने मॅगझिन काढून उन्हात धरलं आणि म्हणाली, "काका, मधलं काडतूस उलटं भरलंय. आकृत्या पुढे आहेत, मागे आम्ही आहोत!" सगळे हसले. इरिबार्ने हसला नाही. तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला, टक लावून, आधी डाव्या, मग उजव्या. तेव्हापासून तो दर फेरीआधी असंच बघतो. समोरच्याचं चित्त विचलित करायची ही जुनी युक्ती आहे, बुद्धिबळवाले करतात म्हणे.

मग मी बंदोबस्त सुरू केला. पिस्तुलाच्या पिशवीला कुलूप लावलं. शिवाय माझ्याच डोक्याचा एक पांढरा केस चेनवर थुंकीने चिकटवून ठेवला, म्हणजे रात्रीतून कुणी उघडली तर केस जागेवर सापडणार नाही. सकाळी पाहतो तर केस नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा नाही! बोटांनी चाचपलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं, नाही म्हणजे नाही. आता रात्री घरात मी आणि ओफेलिया दोघंच. आमिल्कारराव, मला हे लिहिताना आनंद होत नाही, पण तुमच्या बहिणीला कारण आहे. जेवणाचं टेबल काडतुसं भरायच्या यंत्राने अडवलंय, अशी तिची कधीपासूनची तक्रार. विचारलं तर म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यावर आहेत ते तरी मोजके ठेवा, ते कशाला उपटताय?" सरळ उत्तर नाही, हे लक्षात घ्या.

त्यानंतर आकृत्यांची अदलाबदल सुरू झाली. आमच्याकडे खाकी आकृत्या टिपायच्या, त्या गुंड, आणि पांढऱ्यांना, म्हणजे ओलिसांना, हात लावायचा नाही, लागली तर गुण कापतात. ऑगस्टच्या ढगाळ दुपारी मी लागोपाठ सगळ्या खाकी आकृत्या टिपल्या, एकदम सुरेख, आणि जवळ जाऊन पाहतो तर त्यातल्या निम्म्या पांढऱ्या. मिलाग्रोस म्हणाली, "काका, ओलीस ठेवलेले सगळे गेले, निम्मे गुंड मात्र खुशाल आहेत." मी पंचांकडे लेखी तक्रार दिली की मी गोळ्या झाडत असताना कुणीतरी आकृत्या बदलल्या. पंचांनी ती वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. पंचही त्यांना सामील आहेत की काय, हा विचार मी त्या रात्रीपासून करतो आहे.

आता गेल्या रविवारचं सांगतो, तेवढ्यासाठीच खरं हे पत्र. निवडीची शेवटची फेरी. घड्याळ घेऊन मागे उभा राहायला नेमका इरिबार्ने. मी झकास चाललो होतो, खिडकी झाली, भिंत झाली, आणि एका गोळीला 'धाड' ऐवजी नुसतं 'फुस्' झालं. अशा वेळी काय करायचं हे हाताला पाठ असतं: पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागे ओढायची, नवं काडतूस चढवायचं, पुढे चालू. मी ओढली, बोट चापावर गेलं, आणि इरिबार्ने असा ओरडला की पलीकडच्या कुरणातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. "थांब! एउसेबियो, बोट काढ! बोट काढ!"

मी बोट काढलं, पण वळून त्याला जे बोललो ते तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला लिहिण्याजोगं नाही. सारांश असा, की मी जिंकतोय हे पाहवलं नाही म्हणून थांबवलंस. त्याने पिस्तूल रिकामं करून घेतलं, नळीत पितळी सळई घातली. सळई अर्ध्यावर थांबली. गोळी नळीतच अडकली होती. त्या काडतुसात दारू (पिण्याची नव्हे) भरायचीच राहून गेली होती, आणि मागून दुसरी गोळी सुटली असती तर नळी माझ्या हातात फुटली असती. इरिबार्नेने माझा उजवा हात धरला आणि एकेक बोट दाबून पाहिलं, जसं काही ती त्याचीच आहेत.

"काडतुसं भरताना पुंगळीत वाकून बघतोस ना?" त्याने विचारलं.

"बघतो. प्रत्येक पुंगळीत."

"आणि दारू दिसते?"

खरं सांगू का आमिल्कारराव, हल्ली पुंगळीत धुकं दिसतं. मला वाटायचं ती दारूच आहे.

मग तो सगळ्यांदेखत म्हणाला, "स्पर्धेची जागा तू घे. मी नाव मागे घेतो. फक्त त्याआधी एकदा माझ्या दवाखान्यात ये." आता तुम्हीच सांगा, ज्या जागेसाठी माणूस एवढी कारस्थानं करतो ती तो फुकटात सोडतो? यात नक्की काहीतरी आहे. जागा घेतली, पण दवाखान्यात जायला साफ नकार दिला. घरी आलो, काडतुसं भरायचं यंत्र टेबलावरून काढून माळ्यावर ठेवलं. ओफेलियाने टेबल पुसलं आणि मग बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. विचारलं काहीच नाही. हेही संशयास्पद.

प्रकृतीला जपा, खुब्याला शेक द्या.

तुमचा,
एउसेबियो

ता.क. अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या वाटल्या तर तो कागदाचा दोष समजावा.

ता.क. २: एक बारीकसं काम होतं. तुमच्याकडे मार देल प्लातात डोळ्यांचा एखादा चांगला डॉक्टर असेल तर वेळ घेऊन ठेवाल का? नाव माझं सांगू नका, तुमचं सांगा. डोळ्यांचे डॉक्टर सगळे एकमेकांना ओळखतात आणि इरिबार्नेला कळता कामा नये. मला तसं काही झालेलं नाही, पण स्पर्धेला येतोच आहे तर दाखवून टाकतो.

ता.क. ३: (हे मी ओफेलिया लिहिते आहे.) दादा, पाकिटावर पत्ता घालायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. तू डॉक्टर शोधू नकोस. इरिबार्नेने मंगळवारीच तिथल्या त्याच्या बहिणीला, तीही डोळ्यांचीच डॉक्टर आहे, फोन करून वेळ घेतली आहे, मोतीबिंदूच असावा म्हणतो. तू शोधलास असंच ह्यांना सांग. बाईंच्या दारावर 'डॉ. इरिबार्ने' अशी भलीमोठी पाटी आहे, पण ती काढायला सांगू नकोस, ह्यांना ती वाचता येणार नाही. ऑपरेशननंतर मात्र ह्यांना मागच्या दाराने बाहेर काढ.