बाबांचे चार सेकंद

३ मार्च

पास! मी जोडलेला टीझर पास झाला! येणाऱ्या भुताच्या पिक्चरची सव्वा मिनिटाची झलक, गोष्ट शून्य. धुकं, एक दार आणि शेवटी दार उघडून "फार उशीर केलास" म्हणणारा म्हातारा. चार सेकंद. म्हातारा कोण? आमचे बाबा! चाळीस वर्षं हॉलिवूडच्या पिक्चरांत गर्दीत उभे राहिले, तेव्हा कुठे हे एक वाक्य मिळालं. वशिला नाही हं — हिरोचं शूटिंगच झालं नव्हतं अजून, मग मी जोडणार काय? माझं कपाळ?

९ मार्च

बाबांनी अख्ख्या बर्बँक गावाला फोन केले. टायरवाल्यालासुद्धा!

१ मे

पिक्चर पुरा होऊन आला. आता मोठा ट्रेलर कापून जोडायचा. आमचा बॉस लॉयड डोनट चावत म्हणतो, "कॉरीन, टीझर म्हणजे नुसता फोडणीचा वास. ट्रेलरमध्ये ताट वाढायचं. हिरो कोण, बाई कोण, भूत कोण, सगळं!" अडीच मिनिटांत सगळं सांगितल्यावर लोकांनी तिकीट काढायचं कशाला? पण मला विचारतो कोण!

पिक्चर दोनदा बघितला. धुकं आहे. दार आहे. बाबा नाहीत. दार उघडतं आणि आत मांजर बसलेलं. मांजर!

४ मे

दिग्दर्शकाच्या असिस्टंटला फोन केला. "सीन लांबत होता हो." चार सेकंद लांबतात मेल्याला!

६ मे

बाबांना सांगायला गेले. प्रीमियरसाठी निळा सूट इस्त्री करून दाराला टांगलेला. खिम्याचा मीटलोफ खाल्ला, दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि न सांगताच परत आले. भित्री कुठली.

११ मे

ट्रेलर शुक्रवारी थिएटरात लागणार. त्याच दिवशी टीझर उतरणार — धंद्याची रीतच ती. म्हणजे बाबांना पडद्यावरून मीच खाली उतरवणार, स्वतःच्या हातांनी.

संध्याकाळी बाबांचा फोन. "शनिवारी बोलिंग क्लबातल्या अकरा जणांना घेऊन जातोय, टीझर बघायला. त्यानंतरचा पिक्चर बदकांचं कार्टून आहे म्हणे. असू दे."

"गुरुवारी जा ना!"

"अगं, आमच्या क्लबातल्या अर्लीनचा गुडघा. तिला हॉस्पिटलातून शनिवारीच सोडतायत." मोठा ट्रेलर कधी लागणार, तेही विचारून घेतलं. शुक्रवारी, सांगितलं मी. टीझर उतरणार ते मात्र नाही सांगितलं.

१३ मे

ट्रेलर सकाळीच तयार झाला. झकास झालाय, हेच दुखणं.

लॉयडला खोटंच म्हटलं, मशीन बसलं, ट्रेलरचा आवाज सगळा गेला. "मशीन बसलं की तुझं डोकं?" एवढा ओरडला की कॉफी सांडली. ट्रेलर पुढच्या शुक्रवारवर गेला, तोवर टीझर राहिला. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कंपनीला आणि मी घरी. बरं म्हटलं.

१६ मे

बारा म्हातारे एका रांगेत, मी टोकाला. पडद्यावर बाबा दारात आले आणि अर्लीनने कुबडी आपटत शिट्टी मारली! लोक वळून बघायला लागले. बदकं यायच्या आत आमची अख्खी रांग उठून बाहेर.

दारावरचा तिकीटवाला घाबरला. "पिक्चर नाही आवडला?"

"आवडला की! संपला," बाबा म्हणाले.

गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चाळीस वर्षं या धंद्यात आहे, पोरी. टीझरमधलं पिक्चरात राहतंच असं नाही, कळतं मला. आणि कालचा ट्रेलर का लागला नाही, तेही कळतं. सोमवारी लॉयडला तो ट्रेलर देऊन टाक."