नऊ अंगठे

१२ मार्च १९९६, बंगळूर

बोटांची शाई निघत नाहीये. लंडनच्या माझ्या विद्यापीठाचा नियम, मुलाखतीआधी लेखी संमती हवी. म्हणून आज पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या झोपडवस्तीत नऊ बायकांचे अंगठे घेतले. कागदावर काय आहे, एकीनंही विचारलं नाही.

तेवढ्यात त्यांची पुढारी, बेळगावकडची शांताक्का आली. कागद बघून म्हणाली, "असल्याच कागदावर दलालानं अंगठे घेतले नि आमची आधीची वस्ती गेली. वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका म्हणून चार वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी. तू आपली म्हणून दिला गं त्यांनी."

आणि माझा प्रबंध कशावर? लोकांच्या लढ्यावर!

कागद तिथंच फाडले. त्यानं काय होणार? उद्या दलाल शाई घेऊन आला, तर मला आठवूनच हात पुढे करतील त्या.