खिशातलं इंजेक्शन

बिश्केक, ९ ऑक्टोबर २०१४

ति. थोरले बंधू सागिनबाइके यांस,
धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. वि. वि.

आज सकाळी प्रयोगशाळेत बावीस नमुने तपासले, दुपारी घरी आले. आईला जाऊन पंचवीस दिवस झाले. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आपल्या आत-बाशी गावच्या गाडीवाल्याबरोबर हे पत्र पाठवते.

वहिनी गावभर सांगतात म्हणे, की कालिपाने आईला रोटीआधी भलतंच खायला लावलं, रोटीचा अपमान झाला आणि तो बाधला. पाहुणासुद्धा रोटीचा तुकडा मोडल्याशिवाय आपल्या उंबरठ्यावरून परत जात नाही, हे मला शिकवायला नको. मी काय केलं ते तरी ऐका. वसंतात आई माझ्याकडे होती, तेव्हा दहा दिवस मी तिच्या बोटातलं रक्त तपासलं. ती म्हणायची, की तिने मुलगी नाही, डास जन्माला घातला. आपल्या रीतीने आधी चहा, रोटी, जॅम आणि शेवटी मांस खाल्लं, की साखर चौदा मिलिमोलवर, निरोग्याची आठच्या आत असते. आधी वाळल्या दह्याचे, कुरुताचे, तीन गोळे आणि मांस, मग रोटी, तर दहा. जेवण तेच, रोजचं इन्सुलिनचं इंजेक्शनही तेवढंच. दुधामांसातली प्रथिनं पोटात सुटली, की त्यांची अमिनो आम्लं होतात. ती स्वादुपिंडाला हाक मारतात आणि तिथलं उरलंसुरलं इन्सुलिन बाहेर येतं. रोटीही पोटातून सावकाश सरकते. यात अपमान कुठे आला?

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येऊ नकोस, असा निरोप आला. तो तुमचा की वहिनींचा, एवढंच कळवा. लोभ कमी झाला असेल, तर उरलेला तरी राहू द्यावा.

कालिपा

*

आत-बाशी, १४ ऑक्टोबर

चि. कालिपास आशीर्वाद. 'अनेक' लिहायला हात वळत नाही.

मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. एक लंगडतेय.

येऊ नकोस असं मीच म्हणालो. रोटीचं तुझ्या वहिनीचं बोलणं सोड, तिला दुसरं काही सुचलं नाही. माझा राग वेगळा आहे. कोच्कोर गावी लग्नाला आई पाच दिवस गेली, तेव्हा तिचं इंजेक्शन इथे फ्रिजमध्येच राहिलं. ती विसरली नव्हती. निघताना मी आठवण करून दिली, तर तिने खिसा थोपटला आणि सांगितलं, की कालिपाने न दुखणारं इंजेक्शन दिलंय. खिशात कुरुत होतं. लग्नातही बायकांना तेच ऐटीत दाखवत होती म्हणे. पाचव्या दिवशी परतताना गाडीतच तिची शुद्ध गेली, ती परत आलीच नाही. हे शब्द तुझे की नाहीत, ते सांग. तू शिकलेली. तू म्हणालीस म्हणजे बरोबरच असणार, असं मी धरून चाललो.

तिकडे थंडी वाढली असेल, जप.

सागिनबाय

*

बिश्केक, १९ ऑक्टोबर

ति. सागिनबाइके यांस नमस्कार. वि. वि.

आज रविवार. पत्र दोनदा वाचलं.

शब्द माझेच. सुई टोचताना आई कुरकुरली, तेव्हा मी हसून म्हणाले होते, की कुरुत हे तुझं दुसरं इंजेक्शन, खिशातलं, दुखत नाही. 'दुसरं' म्हणाले होते, बाइके. 'ऐवजी' म्हणाले नव्हते. तरी ती थट्टा करायला नको होती. अमिनो आम्लं हाक मारतात ती उरलेल्या इन्सुलिनला. तिचं फार थोडं उरलं होतं. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं.

आणि तुम्ही? पाच दिवस फ्रिज उघडत होतात. दूध काढताना इंजेक्शनची डबी दिसत नव्हती? एक फोन करता आला नाही? मी शिकलेली, म्हणून मला विचारायचंच नाही? शिकलेल्या माणसालाच तर विचारतात! नको तिथे मान देऊन मोकळे झालात.

चाळिसाव्याला मी येणार. दार लावलंत तर अंगणात बसेन. कुराण वाचून झालं, की सगळ्यांदेखत माझी थट्टा सांगेन आणि तुमचं गप्प राहणंही सांगेन. पण तोवर थांबू नका. गावात सात-आठजणी इंजेक्शन घेतात. आईचं ऐकून त्यातल्या कुणी सुई टाकून कुरुत खिशात घातलं असेल. वहिनींना आजच घरोघर पाठवा. गावभर सांगायची त्यांना सवय आहे, ती कामी येऊ द्या.

त्यांना नमस्कार, मुलांना पापा. माझ्यावर रागवा, पण परकी करू नका.

येताना डोक्याला बांधायचा काळा रुमाल भिजत घातलाय. आता उठून तो पिळते आणि खिडकीत वाळत घालते.

कालिपा