लाल कमी पडतोय

४ नोव्हें., मंगळ
नवीन मशीन आजपासून चालू. चार रंगी. आतच कॅमेरा आहे. शीटच्या कडेला रंगांची बारीक पट्टी छापली जाते, कॅमेरा प्रत्येक शीटवर ती वाचतो आणि शाई आपली आपणच कमी-जास्त करतो. इतकी वर्षं हे काम माझ्या डोळ्यांचं आणि बोटांचं.

माझा मदतनीस संपत म्हणाला, "रफीकभाई, आता तुमी खुर्ची टाकून बसायचं. च्या प्यायचा." हसलो. खुर्ची मात्र आणली नाही.

पुण्याहून कविता मॅडम आल्यात मशीन शिकवायला. महिनाभर इथंच. वयानं पुतणीएवढ्या. "काका, घाबरू नका. हा तुमच्यासारखाच बघतो, फक्त दमत नाही." हे ऐकून जास्तच घाबरलो.

६ नोव्हें., गुरु
सकाळच्या गोळ्या घेतल्या. ऑगस्टपासून चालू आहेत. टीबीच्या आहेत हे प्रेसमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, न्यूमोनिया झाला होता एवढंच त्यांना माहीत. टीबी म्हटलं की लोक कप वेगळा ठेवतात. डॉक्टर म्हणतात, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. तरी चहाचा कप मीच विसळतो, कुणाचं लक्ष नसताना.

औषधाच्या खोक्याचं काम. मधे लाल पट्टा. मला विटका दिसतोय. मॅडमना म्हटलं, लाल कमी पडतोय. त्यांनी स्क्रीन बघितली, मग शीट उचलून उजेडात धरलं.
"काका, बरोबर आहे हो. उलट थोडा भडकच वाटतोय."
नवीन कॅमेरा आहे, चुकत असेल.

१० नोव्हें., सोम
आज नको ते केलं. मॅडम जेवायला गेल्या तेव्हा ऑटो बंद केलं आणि हातानं लाल वाढवला. थोडा. मग अजून थोडा. वाढवतोय तरी तो पट्टा उठेचना. राखेखालच्या निखाऱ्यासारखा.

अप्पा मालक मंजूर नमुना घेऊन आले, शेजारी ठेवला. "रफीक, काय केलंस हे? रक्त सांडल्यासारखं दिसतंय." संपत मान खाली घालून उभा. सगळी थप्पी रद्दीत.

अप्पा मला कधी ओरडत नाहीत. आजही नाही ओरडले. नुसते बघत राहिले माझ्याकडे.

कॅमेराच बिघडलाय. तोच बिघडलेला असू दे.

१३ नोव्हें., गुरु
नसीमच्या माहेराहून, जतहून, डाळिंबं आली. तिनं दाणे काढून वाटी पुढं ठेवली. म्हटलं, हे नासलंय गं, काळं पडलंय.
"कुठं नासलंय? लालबुंद हाय की."
दोन दाणे खाल्ले. गोड होते.
ती बघत होती. मी उठून हात धुवायला गेलो. उगाच बराच वेळ धूत बसलो.

१८ नोव्हें., मंगळ


एकाच औषधाचे दोन खोके छापले. लाल पट्टा म्हणजे जास्त ताकदीची गोळी, हिरवा पट्टा म्हणजे कमी. दोन्ही थप्प्या शेजारी शेजारी. टेम्पो आला. अप्पांनी लांबून सांगितलं, आधी हिरवा भर. मी संपतला बोट दाखवलं, "ही घे."

"भाई, चेष्टा करताय व्हय? ही लाल हाय."

हसलो. म्हटलं, झोप झाली नाही. तोही हसला. मग जवळ जाऊन मी अक्षरं वाचली. खरंच लाल. लांबून दोन्ही सारख्याच मातकट होत्या.

संपत नसता तर? कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी पट्ट्याचा रंग बघून गोळ्या भरतो. कुणाच्या तरी म्हातारीच्या घरात तो खोका...



१९ नोव्हें., बुध
आंघोळीआधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. बादली लाल आहे आमची. दोन्ही डोळ्यांना तपकिरी. अक्षरंही पुसट दिसायला लागलीत. चष्मा पुसला, पुसून उपयोग नाही.

नसीमला सांगितलं नाही. आधी स्वतःला सांगायला पाहिजे.

२० नोव्हें., गुरु
मॅडमनी बाजूला बोलावलं. स्क्रीनवर रेघ दाखवली. मी हातानं चालवलेल्या प्रत्येक कामात लाल वर गेलाय, आणि आठवड्यागणिक जास्त जास्त.
"कॅमेरा मी दोनदा तपासलाय. तो जागेवर आहे. काका, तुम्ही सरकताय."

मग त्यांनी रंगपट्टीचे तुकडे कापून टेबलावर पसरले. यातले लाल वेगळे काढा म्हणाल्या. लहान पोराला सांगावं तसं नाही, हळू आवाजात. मी काढले. त्यांनी त्यातले बरेच तुकडे उचलून परत बाजूला ठेवले. त्यातच उत्तर आलं.
"काही गोळ्या चालू आहेत का?"
म्हटलं, टीबीच्या.

मला वाटलं, मागं सरकतील. सरकल्या नाहीत. "आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. अप्पांना मी काही बोलणार नाही. पण तुम्हाला बोलावं लागेल, काका."

२१ नोव्हें., शुक्र
काल संध्याकाळी नसीमला सगळं सांगितलं. आज मिरजेला दोघं गेलो. स्कूटर मी चालवतो म्हटलं तर चावी तिनं काढून घेतली. रिक्षा केली. वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा कळलं, इतके दिवस मी रंग बघून थांबतच नव्हतो. वरचा दिवा लागला की थांब, खालचा लागला की निघ.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. आकडा वाचा म्हणाले. आकडा कुठाय? नुसते ठिपके. पान उलटलं. नुसते ठिपके. नसीम मागं बसून मनातल्या मनात आकडे वाचत असणार. तिचा श्वास ऐकू येत होता.

टीबीच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलणं झालं. गोळ्यांमधलं एक औषध काही जणांच्या डोळ्यांच्या नसेला लागतं. ते आजपासून बंद. बाकीची चालूच ठेवायची, ती सोडायची नाहीत, गोळ्या बदलून मिळतील.

"परत दिसंल ना सायब?" नसीमनं विचारलं. मला विचारायचा धीर नव्हता.
"बहुतेकांना सुधारतं. महिने लागतात. सगळ्यांचं पूर्ण परत येतंच असं मी म्हणणार नाही. लवकर आलात हे चांगलं झालं. कशामुळं लक्षात आलं तुमच्या?"
म्हटलं, मशीननं सांगितलं. त्यांना काही कळलं नसावं.

रिक्षात नसीमनं माझा हात घट्ट धरला होता. बाजारपेठेतून आलो. बांगड्यांची दुकानं. मी बाहेर बघितलं नाही.

२५ नोव्हें., मंगळ
अप्पांना सांगितलं. टीबीचंही. त्यांनी खुर्ची किंचित मागं घेतली. कळू नये अशी घेतली, पण कळलं.
मग, "रंग मशीन बघतंय ना? मग तू मशीन बघ. आणि हे बाहेर कुठं बोलू नको. औषधवाल्यांच्या कानावर गेलं तर काम तुटंल आपलं."

म्हणजे नोकरी आहे. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

१ डिसें., सोम
मॅडम उद्या परत जाणार. जाता जाता एक सांगितलं, ते डोक्यातून जात नाही. कामाचं पहिलं शीट नमुन्याशी ताडून माणसानं मंजूर करायचं. त्यावरून कॅमेरा पुढची सगळी शीटं जुळवतो. "पहिलंच चुकीचं मंजूर झालं तर तो ती चूक अगदी इमानानं शेवटपर्यंत छापेल. तेवढं शीट तुम्ही एकट्यानं मंजूर करू नका."
अप्पा म्हणतात कुणाला सांगू नको. मॅडम म्हणतात एकट्यानं करू नको.

२ डिसें., मंगळ
लहान मुलांच्या औषधाचं काम लागलं. पहिलं शीट टेबलावर, शेजारी नमुना. माझ्या डोळ्यांना दोन्ही एक. स्क्रीनवर प्रश्न, मंजूर का? बोट वर नेलं. बोट खाली घेतलं.

संपतला हाक मारली. सगळं सांगितलं, एका दमात.
तो दोन पावलं मागं गेला. "टीबी? तुमाला? आवं, आमी एका डब्यात जेवतुय, घरात पोरं हाईत माजी!" रुमाल तोंडावर घेतला. मी म्हटलं, आता लागण होत नाही, डॉक्टरांनाच विचार. तो बाहेर गेला. मशीन थांबलेलं. अप्पा काचेतून बघत होते.

मला वाटलं, गेला. आता सगळ्या शेडमध्ये बोभाटा होणार.

परत आला. रुमाल तसाच. शीट दोन्ही हातांनी धरलं, खिडकीशी नेलं, नमुना शेजारी धरला.
"हितं लाल वाईच जास्त हाय. बाकी बराबर. पण भाई, मी कवा पास केलं न्हाई. चुकलं तर?"
"दोघंही चुकू."
मी लाल उतरवला, तो बघत राहिला. मग बटण त्यानं दाबलं.

९ डिसें., मंगळ
संपत रोज पहिलं शीट बघतो. जेवायला अजून वेगळा बसतो. त्याच्या बायकोनं सांगितलं असेल.

अप्पांना सांगून टाकलं की संपतला माहीत आहे. "बरं," एवढंच. काल ऑफिसात एक अनोळखी माणूस बसला होता. संपत म्हणतो, ऑपरेटर हाय, कोल्हापूरचा. अप्पा मला काही बोलले नाहीत.

डोळ्यांत फरक नाही. रोज सकाळी बादली बघतो. तपकिरी.

१६ डिसें., मंगळ
नसीम सारखं विचारते, आज कसं दिसतंय. आज तिच्यावर ओरडलो. ती ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या अंगावर कुठल्या रंगाची साडी होती, मला सांगता आलं नसतं. हे असंच राहिलं तर?

२३ डिसें., मंगळ
संपत आज उशिरा येणार होता. मुलीच्या शाळेत काम. कालचंच काम पुढं चालू, मंजूर झालेलं, म्हणून मशीन सुरू केलं.

थोड्या वेळानं एक शीट काढून टेबलावर टाकलं. पट्टा लाल दिसला. चांगला नाही, पण लाल. मातकट नाही.

तसाच उभा राहिलो. डोळा सुधारला असेल तर कॅमेरा म्हणेल, लाल जागेवर आहे. डोळा तिथंच असेल तर लाल वाजवीपेक्षा वर गेला असणार, शाई कॅमेऱ्याला आवरत नसणार, म्हणूनच तो रंग माझ्यापर्यंत पोचला. संपतचा पत्ता नव्हता. स्क्रीन पाठीमागं होती. वळायचं तेवढं बाकी.

मशीन चालू होतं. शीटं पडत होती.