राहिले की राहावे लागले

दि. ४ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस, आणि ते ‘बघतो’ पुढे कुठे जातं ते कुणालाच दिसत नाही. शिवाय आईचे कान अजून तिखट आहेत आणि हे तिने इतक्यात ऐकायला नको.

मी परत तिकडे जायचं ठरवलंय. हसून घे. छप्पन वर्षांची बाई, जिना चढताना गुडघे बोलतात, आणि निघालीय परदेशी नोकरीला. आईचा खुबा मोडला म्हणून तीन आठवड्यांची रजा काढून आले होते. त्या तीन आठवड्यांना पुढच्या महिन्यात सहा वर्षं होतील. एकोणीस वर्षं तिकडच्या लोकांच्या कवळ्या केल्या. त्यांचे दात जागेवर बसवले आणि माझं कायम रहिवासाचं कार्ड मात्र घालवून बसले. वर्षाहून जास्त बाहेर राहिलं की ते बाद होतं. आता कळलंय की ते पुन्हा मिळू शकतं, पण इतकं बाहेर राहणं आपल्या हातात नव्हतं हे दाखवून द्यावं लागतं. कवळ्यांच्या कार्यशाळेच्या मालकीणबाई म्हणतात, सप्टेंबरपर्यंत आलीस तर टेबल तुझं, नंतर नाही.

माझं निवेदन सोबत जोडलंय, नजर टाक. तुझंही एक लागेल: आईकडे बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, असं. आपल्या भाषेत चालेल, इथली एक दुभाषी बाई भाषांतर करून शिक्का मारते. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासलीस. एक पान बहिणीसाठी लिही.

मी गेल्यावर आईजवळ कोण, हे मी अजून विचारलेलं नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, कागद पाठव.
तुझी ताई

दि. ११ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि. (चारही टिंबं जागेवर आहेत, तपासून घेतली.)

तुझं निवेदन वाचलं. मजकूर चांगला आहे, शुद्धलेखन तेवढं मला बघवलं नाही. ‘शुश्रूषा’ तू तीनदा लिहिलीस आणि तिन्ही वेळा वेगळी. सगळं लाल शाईने नीट केलंय. मुख्य गोष्ट अशी की ‘आईच्या आजारपणामुळे मी इथे राहिले’ असं तू लिहिलं होतंस. राहिले म्हणजे स्वतःच्या मर्जीने, मजेत. तिथे मी ‘मला इथे राहावे लागले’ केलं. दोन शब्दांत काम झालं! तीस वर्षं नाकाने कांदे सोलले ते असे उपयोगी पडतात.

माझं निवेदनही जोडतोय. ही सहा वर्षं मी पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून होतो, असं लिहिलंय. लिहून झाल्यावर वाचलं तर मलाच माझी इतकी दया आली की उठून दूध तापवून प्यायलो.

आईला नमस्कार. या महिन्यात येऊन जायचं म्हणतो, बघतो.

लोभ आहेच, तो या लाल शाईने कमी होऊ नये.
तुझा धाकटा

दि. १८ जून

चि. धाकट्यास, आशीर्वाद, पण हात आखडता ठेवून.

शुश्रूषा मला लिहिता येत नाही, कबूल. तुला लिहिता येते.

दुभाषी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या आहेत. तुझी पाठ वाचून त्यांनी डॉक्टरांचा दाखला मागितला. मग माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, राहावे लागले म्हणजे कोणामुळे, ते तिकडचे लोक विचारणारच. घरात दुसरं कोणी नव्हतं का? मी म्हटलं, एक आहे, चार तासांवर राहतो. आजारी आहे का? नाही. लहान मुलंबाळं? लग्नच केलं नाही. नोकरी? मुदतीआधीच निवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली. बाई चष्मा काढून म्हणाल्या, मग त्यांनाच लिहू दे, ते का आले नाहीत.

तर ते लिही. तुझी पाठ लोखंडाची आहे, मला माहीत आहे. लहानपणी तुझ्या वाटचे धपाटेही मीच खाल्ले. खोट्या कागदावर मला जायचं नाही. पकडलं तर अब्रू जाईल, आणि नाही पकडलं तर तिकडे रोज दात घासताना तुझी ती खाट आठवेल.

मुलाखत २६ जुलैला आहे. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे.

लोभाचं नंतर बघू.
ताई

दि. २९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अकरा कच्चे कागद झाले. पहिल्या तीन वेळा पेनात दोष निघाला, चौथ्यांदा टेबल डुगडुगत होतं. शेवटी हे झालं. शुद्धलेखन तपासलेलं नाही, त्यामुळे चूक सापडली तर तेवढाच आनंद मान.

‘निवेदन. आईचा खुबा मोडला तेव्हा मी तिच्याकडे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळवायचे होते. ताईने मला दुसऱ्या बाजूने धरायला सांगितले. आई कण्हली. मी चहा करतो असे सांगून उठलो आणि थेट बसमध्ये जाऊन बसलो. चहा झाला नाही. त्यानंतर सहा वर्षांत मी चार वेळा गेलो, प्रत्येक वेळी परतीचे तिकीट काढून. मी आजारी नव्हतो. माझे काम कुठेही बसून होते. आईला तसे बघण्याची मला भीती वाटत होती, एवढेच कारण आहे. मी आलो नाही म्हणून माझ्या बहिणीला राहावे लागले. ती परत गेल्यावर आईजवळ मी राहीन.’

शेवटचं वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. खोडायला पेन उचललं होतं, पण शाई वाळली होती. त्या दिवशी बसमधून उतरायला हवं होतं, ताई. दोन थांबे गेल्यावर मला तसं वाटलंही होतं.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
तुझा धाकटा

दि. २७ जुलै

चि. धाकट्यास, अनेक, अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं! आता ऐक मी काय मूर्खपणा करत होते ते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी धीर करून आईला सांगितलं. तिला जूनपासून माहीत होतं. तुझी पत्रं मी पिठाच्या डब्यामागे ठेवत होते आणि ती काठी टेकत जाऊन वाचत होती. मला म्हणाली, बरं झालं बाई, माझं निमित्त करून आणखी किती वर्षं राहणार होतीस? मी रडले, भांडले, मग तिचं पटलं. कारण गेली दोन वर्षं ती स्वतः आंघोळ करते, स्वतः जेवते. खरं सांगायचं तर हात काम विसरले असतील, तिकडे सगळ्या तरुण मुली असतील, या भीतीने मीच बूड हलवत नव्हते. सांगताना मात्र सगळीकडे तुझं नाव पुढे करत होते. पळपुटा तू एकटाच नाहीस.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांसमोर तुझा कागद होता. तू इतकं खरं लिहिल्यावर मला खोटं बोलायची सोयच उरली नाही. मी सांगून टाकलं: चार वर्षं राहावं लागलं, नंतरची दोन मी भीतीने राहिले. दुभाषी बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी विचारलं, मग आता भीती गेली का? मी म्हटलं, नाही, पण टेबल सप्टेंबरपर्यंतच आहे. ते हसले की खोकले, समजलं नाही. मग विचारलं, हा भाऊ खरंच येईल का? मी म्हटलं, त्याने लिहून दिलंय, आणि लिहिण्यात तो चूक करत नाही.

आता माझी लाज तुझ्या हातात आहे. २० ऑगस्टच्या आत ये, आणि एकेरी तिकिटाने ये.

लोभ वाढलाय.
तुझी ताई

दि. ६ सप्टेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

पोचले, भाड्याची खोली मिळाली, कामाला लागले. दात आता यंत्र कोरतं. माझ्या टेबलावरची मुलगी माझ्या निम्म्या वयाची आहे आणि मला बटणं शिकवते. माझा पहिला दात बघून मालकीणबाई म्हणाल्या की हा म्हशीला छान बसेल. काल रंगाची जुळणी मात्र त्या मुलीला जमेना, तेव्हा यंत्राने हात टेकले आणि मी पुढे झाले. दिवसभर मिरवत होते.

तू दोन पत्रांत आईची तब्येत, औषधं, दूधवाला, सगळं लिहिलंस. तू कसा आहेस ते लिहिलं नाहीस. पळालेला तर नाहीस?

लोभ आणि काळजी दोन्ही आहे.
ताई

दि. १५ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पळालो नाही. पण सांगायला संकोच वाटत होता म्हणून लिहिलं नाही. चार आठवडे आई मला पाहुण्यासारखं वागवत होती. माझ्यासाठी कपाटातला ठेवणीतला कप काढायची, माझं ताट मला उचलू द्यायची नाही. रोज सकाळी अगदी गोड आवाजात विचारायची, तुझी बस कितीची आहे? टोमणा असता तर मी सहन केला असता. ती खरंच विचारत होती. मी राहायला आलोय असं रोज सांगायचो आणि ती मान डोलवायची, शेजारच्या मुलाने मोठेपणी वैमानिक होणार म्हटल्यावर डोलवतात तशी.

आज सकाळी मोरीच्या पायरीवर तिचा पाय सरकला. पडली नाही, मी दंडाला धरलं होतं. पण ती कण्हली, अगदी तेव्हासारखी, आणि माझी पकड सैल व्हायला लागली. तेव्हा ती ओरडली. गाढवा म्हणाली, मेल्या म्हणाली, सहा वर्षं कुठे उलथला होतास म्हणाली. या घरात तिने एवढा आवाज काढलेला मी कॉलेजात नापास झालो त्यानंतर ऐकला नव्हता. मी म्हटलं, आई, मी घाबरलो होतो, आत्ताही घाबरलोय. त्यावर म्हणाली, घाबर हवा तितका, पण हात सोडू नकोस.

सोडला नाही, ताई. तिला खोलीत नेऊन कॉटवर बसवलं, मग आडवं करून कुशीवर वळवलं. उताणं झोपल्यावर तिला दुखतं, हे मला आजच कळलं.

धाकट्यावर लोभ असू द्यावा. पत्ता आता हाच.
तुझा धाकटा