सारवलेल्या अंगणातला चेंडू

माय, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. आज अंगणात फरशी बसवायला गवंडी आला आणि मला तुझे हात आठवले.

तू होतीस तेव्हा मी वाशीमच्या कोर्टात कारकून होतो. साहेब लोकांच्या क्लबात गोल्फचं छोटं मैदान होतं. आपल्याकडे गवत टिकत नाही, म्हणून भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल मुरवलेली वाळू दाबून बसवलेली. मी संध्याकाळी जुन्या काठीने तिथं एकटाच चेंडू मारायचो, त्यावर कोणी हरकत घेत नसे. मग अकोल्याच्या क्लबाशी सामना ठरला आणि आमच्याकडचा एक साहेब तापानं पडला. सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, "त्याच्या जागी तू खेळ. नीट खेळलास तर कचेरीतल्या सगळ्यांना क्लब खुला करतो. हसं झालं, तर तुझंही येणं बंद."

लांबचे फटके मला जमत. घात व्हायचा तो भोकाजवळ. म्हणून तू सारवलेल्या अंगणात वाटी पुरून मी सराव सुरू केला. तुझं सारवण त्या वाळूसारखंच गुळगुळीत. पण काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागायची आणि पोपडा निघायचा. तू दारात येऊन उभी राहिलीस.

"काहून रे, चेंडूले मारून राह्यला का माह्या अंगनाले?"

"शिकून राह्यलो, माय."

"मंग जेवढं उकरशीन तेवढं सारवशीन."

दुसऱ्या सकाळी मी शेणाच्या पाटीपाशी उकिडवा बसलो आहे. शेजारची काकू कुंपणावरून विचारते, "काहो बाई, सून आनली वाट्टे घरात?" तू म्हणतेस, "हो ना, मिशीवाली भेटली."

मी मनगटानं फासतो आणि ओरखडे उठतात. "दाबू नोको," तू म्हणतेस, "खांद्यापासून फिरू दे हात." रोज उकरायचं, रोज सारवायचं. असं करता करता हात हलका झाला. एका सकाळी काठी धरली तर मनगट गप्प राहिलं, नुसता खांदा फिरला, आणि चेंडूचा आवाजच बदलला. ओलसर सारवणावर ओरखडा नव्हता. चेंडूची बारीक रेघ तेवढी सरळ वाटीपर्यंत गेली होती.

सामना शेवटच्या भोकापर्यंत बरोबरीत आला. माझा चेंडू भोकापासून चांगलाच लांब. वाळू नुकतीच सारखी केलेली, आणि माझ्या डोक्यात एवढंच, की ही उकरायची नाही. खांदा फिरला. चेंडू निघाला, रेघ ओढत गेला आणि भोकात पडला. सेक्रेटरीसाहेबांनी टोपी काढली! पुढच्या रविवारी कचेरीतले आम्ही सगळे मैदानावर उतरलो, हक्कानं.

मी घरी धावत आलो. "माय, जिंकलो!"

"कोनाले हरवलं?"

"अकोल्याच्या साहेबायले."

"बरं झालं. पन उद्याचं सारवन सुटलं असं समजू नोको," म्हणालीस, आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिलीस.

हे पत्र काठीच्या पिशवीतच राहील. गवंड्याला मी भिंतीलगतची एक पट्टी मोकळी सोडायला सांगितली. घरात सांगितलंय की ती फुलझाडांसाठी आहे. तुला खरं सांगतो, तिथं काही लावायचं नाही. शेण आणून ठेवलं आहे, आणि स्वयंपाकघरातली एक वाटी मी कोणाला न विचारता उचलली आहे.